पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे? जुन्या गाडीने लांब निघण्यापूर्वी

जुनी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघताना डिस्ट्रिब्यूटरमध्ये (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागात) मूळचे पॉइंट (उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारे धातूचे संपर्क) राहू द्यावेत की त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवावे, हा प्रश्न मला दोनदा सोडवावा लागला आणि दोन्ही वेळा माझे उत्तर वेगळे आले. चार सिलिंडरच्या गाडीवर मी पाच वर्षे मॉड्यूल वापरले. त्याआधी पॉइंट होते आणि आता पुन्हा पॉइंटच आहेत. पुढचे सारे या एकाच गाडीच्या अनुभवावर बेतलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मॉड्यूलची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ३,००० आरपीएमला पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. त्यांची टाच कॅमवर (त्यांना उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर) घासून झिजते, गॅप म्हणजे उघडल्यावरचे अंतर कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे जाते. हे इतके सावकाश घडते की गाडी चढावर आळसावली आहे हे आपल्या ध्यानात येईपर्यंत बराच पल्ला मागे पडलेला असतो. मॉड्यूलमध्ये घासणारे काही नसल्यामुळे एकदा लावलेले टायमिंग तसेच टिकते. शिवाय डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या नळीत) हलत असेल, तर पॉइंटचा गॅप कितीही काळजीपूर्वक लावला तरी तो एकसारखा राहत नाही. मॉड्यूल अशा शाफ्टला बरेच सांभाळून घेते. १९७० च्या दशकात कारखान्यांनी पॉइंट सोडायला सुरुवात केली ती उगीच नव्हे. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेल्या) गाडीला वेगळे मॉड्यूल लागते, प्लगच्या वायरी रेझिस्टन्सच्या असाव्या लागतात आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवणे काही मॉड्यूलना सोसत नाही; पण या अटी पाळणे काही अवघड नाही.

माझे मन फिरले ते एकाच त्रासामुळे. भर उन्हात तासभर सलग चालल्यावर गाडी एकाएकी बंद पडली. मिसिंग नाही, धक्के नाहीत, बटण दाबून दिवा मालवावा तशी. जुन्या गाडीत अशा वेळी पहिला संशय वेपर लॉकवर (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्यावर) जातो, म्हणून मी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवले. वीस मिनिटांनी सेल्फ मारताच गाडी सुरू झाली आणि श्रेय अर्थातच फडक्याला गेले. दुसऱ्या वेळी मी फिल्टर बदलला, तिसऱ्या वेळी पेट्रोलची नळी इंजिनपासून दूर बांधली. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटांत गाडी सुरू झाली आणि प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटला. खरे तर तापलेले मॉड्यूल तेवढ्या वेळात थंड होत होते. कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) निगेटिव्हला टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारला की मॉड्यूल काम करत असल्यास तो लुकलुकतो, हे मला ठाऊक होते. पण लॅम्प शोधून, चिमटे लावून होईपर्यंत आजार पळालेला असे. चौथ्या प्रवासाला मी लॅम्प आधीच जोडून निघालो, तेव्हा कुठे तो न लुकलुकता नुसताच जळत राहिलेला दिसला. मॉड्यूल बिघडते याची मला फारशी तक्रार नाही, सगळेच कधी ना कधी बिघडते. ते बिघडल्यावर काही सांगत नाही आणि दुसऱ्याच्या नावावर खपून जाते, ही माझी तक्रार आहे.

पॉइंटचे दुखणे मात्र उघड्यावर असते. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढावी, पॉइंट मिटलेले असतील असे इंजिन फिरवावे, चावी चालू करून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते हलकेच उघडावेत. ठिणगीच नसेल तर पॉइंट काजळले आहेत किंवा कॉइलमधून येणारा करंट कुठेतरी तुटला आहे. जाड निळसर ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग) गेला आहे, असे बहुधा समजावे. बारीक पॉलिश पेपरची घडी दोन्ही तोंडांमधून ओढली, कोरड्या कागदाने पुसून घेतले, की बरेचदा गाडी पुढे निघते. फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घरी राहिला असेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डही चालते, कारण अनेक जुन्या डिस्ट्रिब्यूटरना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर गॅप लागतो आणि तसे कार्ड त्याच्या आसपासच भरते.

पॉइंटचेही रडगाणे आहेच. नव्याने मिळणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा देता येत नाही. माझा एक नवाकोरा कंडेन्सर दुसऱ्याच दिवशी गेला. तेव्हापासून नवा कंडेन्सर मी आधी काही आठवडे गाडीवर वापरतो आणि तो टिकला तरच काढून सुट्या भागांच्या डब्यात ठेवतो. कॅम कोरडा राहिला की टाच भराभर झिजते, म्हणून निघण्यापूर्वी ग्रीसचा अगदी हरभऱ्याहून लहान ठिपका द्यावा. जास्त दिले तर ते उडून पॉइंटवरच बसते.

ज्यांना बॉनेट उघडायची हौस नाही, किंवा ज्यांच्या डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हलतो आणि तो दुरुस्त होईपर्यंत थांबता येत नाही, त्यांनी मॉड्यूल निवडले तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. अनेकांची मॉड्यूल वर्षानुवर्षे निमूट चालतात. फक्त त्यांनी पॉइंट आणि कंडेन्सर बसवून, गॅप लावून तयार ठेवलेली एक बेस प्लेट (डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंट ज्यावर बसतात ती चकती) सोबत घ्यावी आणि अदलाबदल घरी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावी. मॉड्यूलची चुंबकाची कडी कॅमवर काही वेळा घट्ट धरून बसते. माझी काढायला अर्धा तास लागला होता, आणि तोही घरी, सावलीत, सगळी हत्यारे हाताशी असताना.