गवतावरची पैज: सर्व्हिसवाला की परतवणारा?

टेनिसचा क्ले कोर्टचा, म्हणजे मातीवरचा मोसम संपून गवतावरचा लागला की सात रस्त्याच्या आमच्या कट्ट्यावर सामना कोण जिंकणार याच्या पैजा सुरू होतात. पैशांच्या नव्हे हां, हरेल त्यानं सगळ्यांना मटण आणि कडक भाकरी खिलवायची. पहिला सेट संपेपर्यंत बाजू बदलायची मुभा. वाद दरवर्षी तोच: दणकट सर्व्हिसवाला घ्यायचा की समोरच्याची सर्व्हिस चांगली परतवणारा?

सर्व्हिसवाल्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. २००१ साली वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या खास प्रवेशावर आलेला इव्हानिसेविच डावखुऱ्या सर्व्हिसच्या जोरावर विम्बल्डन घेऊन गेला. पहिल्या आठवड्यात गवत ताजं, निसरडं असतं, चेंडू खालूनच सुटतो. वर छप्पर बंद असेल तर वाऱ्याचाही अडथळा नाही. अशा दिवशी मीही तिकडं झुकतो, नाही म्हणत नाही.

पण २००९ ची विम्बल्डन फायनल माझ्या मनातून जात नाही. फेडररविरुद्ध मी सर्व्हिसवाला रॉडिक घेतला होता. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) गडी ६-२ नं पुढं, सेट जिंकायच्या चार संधी हातात, चारही गेल्या. तरी सर्व्हिस काही तुटेना, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम तो हरेना. सलग ३७ गेम राखले त्यानं. पाचव्या सेटमध्ये १४-१५ वर ती एकदाच तुटली आणि सामनाच संपला. फेडररच्याही ५० एस (समोरच्याला लागूच न दिलेल्या सर्व्हिस) होत्या, मान्य. पण रात्री अकराच्या सुमाराला चौघांच्या मटणाचा हिशेब मी करत बसलो होतो.

वैताग हरण्याचा नव्हता. सर्व्हिसवाला घेतला की सामना कुठं झुकतोय तेच कळत नाही. दोघंही आपापली सर्व्हिस राखत जातात, बाजू बदलायची मुभा असून उपयोग काय? परतवणाऱ्याचं तसं नाही. समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर तो पाऊल आत टाकतोय का, गेम ड्यूसपर्यंत (४०-४० बरोबरीपर्यंत) ओढतोय का, एवढं पाहिलं की अर्ध्या तासात अंदाज येतो. नसेल जमत, तर वेळेत पलटी मारता येते.

क्वीन्स किंवा हाले या गवतावरच्या छोट्या स्पर्धांत सामने तीन सेटचे, तिथं कदाचित सर्व्हिसवालाच बरा. विम्बल्डनला पुरुषांचे पाच सेट असतात. १९९२ च्या फायनलमध्ये पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावूनही परतवणाऱ्या अगासीनं इव्हानिसेविचला हरवलंच की! आणि दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनचं (कोर्टाच्या मागच्या रेषेजवळचं) गवत झिजून माती दिसायला लागली, की मी तरी पहिल्या बॉलपासूनच परतवणारा धरतो.