टोकन यंत्राचे आठ महिने: रांग सरळ झाली, खिडक्या बंदच

बाबांच्या कागदपत्रांचं एक काम निस्तरायला गेल्या आठ महिन्यांत मी एकाच कार्यालयात सोळा वेळा गेले. पहिल्या दोन फेऱ्या जुन्या उभ्या रांगेत काढल्या. तिसऱ्या वेळी दारातच नवं यंत्र उभं होतं. पडद्यावर कामाचा प्रकार निवडा, मोबाइल नंबर टाका, चिठ्ठी घ्या, बसा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नंबर झळकतो, ध्वनिमुद्रित आवाज तो पुकारतो, आणि फोनवर 'तुमच्या पुढे 23 जण' असा संदेश येतो. खिडक्या चार आहेत. टोकनवरच्या चौदा फेऱ्यांत चारही उघड्या मला एकदाही दिसल्या नाहीत. नऊ वेळा एक, पाच वेळा दोन. आकडे खात्रीचे आहेत, कारण बसल्या बसल्या मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. जुन्या रांगेत पाय दुखायचे हे तर झालंच, पण सतत राखण करावी लागायची ती जास्त जाच करायची. कोणी पिशवी ठेवून गेलंय, कोणी 'मी या काकांच्या मागे होते, विचारा त्यांना' म्हणत मध्ये शिरतंय आणि काका नेमके दुसरीकडे बघताहेत. दोन खिडक्या उघडल्या की दोन रांगा, आणि आपली रांग अडकणार हे ठरलेलं. पुढच्याचं काम किचकट निघालं की त्याच्या मागचे सगळे विनाकारण अडकायचे, आणि शेजारच्या रांगेत आपल्यानंतर आलेला माणूस काम उरकून निघूनही जायचा. टोकनमुळे सगळ्यांची रांग एकच झाली. जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा नंबर. एखाद्याला उशीर लागला तर तो सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. बाबांना एकदा बरोबर न्यावं लागलं, तेव्हा ते दीड तास खुर्चीत बसून होते आणि 'आपला नंबर गेला का' म्हणून एकदाही उठले नाहीत. जुन्या रांगेत मी त्यांना नेलंच नसतं.

एवढ्यापुरते यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

थांबायचा वेळ मात्र कमी झाला नाही. जुन्या रांगेत एकदा सव्वा तास लागला होता, एकदा एक तास चाळीस मिनिटं. टोकन आल्यावर, एक खिडकी उघडी असलेल्या नऊ दिवसांत मी पन्नास मिनिटांपासून दोन तास दहा मिनिटांपर्यंत बसले. दोन खिडक्या उघड्या असलेल्या पाच दिवसांत सगळ्यात जास्त थांबले ती एकोणीस मिनिटं. यंत्र तेच, गर्दी साधारण तेवढीच.

हा फरक मला आधी पटेना. खिडक्या दुप्पट म्हणजे वेळ निम्मा, असा आपला सरळ हिशेब असतो. रांग तसा हिशेब मानत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा गणितज्ञ अग्नर एर्लांग याने 1909 पासून हाच प्रश्न फोनच्या बाबतीत सोडवायला घेतला होता: कॉल कधीही येतात, कितीही वेळ चालतात, मग लाइन किती ठेवायच्या? त्याची सूत्रं खिडकीलाही लागू पडतात. समजा एका माणसाच्या कामाला सरासरी पाच मिनिटं लागतात, म्हणजे एक खिडकी तासाला बारा जणांचं काम करू शकते. तासाला दहा जण आले तर वाटेल, चिंता नाही, दोघांची जागा शिल्लकच आहे. पण लोक घड्याळ लावून येत नाहीत, आणि कोणाचं काम दोन मिनिटांत होतं तर कोणाचं पंधरा. या चढउतारामुळे सरासरी थांबावं लागतं 25 मिनिटं. आता तासाला फक्त एक माणूस वाढवा, दहाचे अकरा करा. 55 मिनिटं! आणि रांग एकच ठेवून दुसरी खिडकी उघडा, तर त्याच अकरा जणांना दीड मिनिटसुद्धा थांबावं लागत नाही. मी हे गणित तीनदा करून पाहिलं. खरं कार्यालय इतकं सरळ नसतं, सकाळी दार उघडताच झुंबड असते, कोणाची कागदपत्रं अर्धवट असतात. तरी माझ्या वहीतल्या एकोणीस मिनिटांचं आणि दोन तासांचं कोडं मला तिथे सुटलं.

बोचतं ते असं, की वरून बघणाऱ्याला हीच एक खिडकी पुरेशी वाटते. ताकद बाराची, येतात अकरा. कागदावर माणूस कमी नाहीच. खिडकीतल्या बाईंना मान वर करायला फुरसत नाही, हे तर चांगलं काम चालल्याचं लक्षण मानलं जात असणार. बाकड्यांवर गेलेले आमचे तास कुठल्याच खात्यात लिहिले जात नाहीत.

यंत्राची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे 'अंदाजे वेळ'. पुढे किती जण आहेत हा आकडा खरा असतो आणि कामाचाही असतो. त्याच्याखाली जो 'अंदाजे 35 मिनिटं' असा दिलासा येतो, त्यावर विसंबू नका. तासाभराने पाहिलं तरी तिथे 35च. दाराशी बसणाऱ्या शिपायांना विचारलं तर म्हणाले, "सिस्टीमला दोन खिडक्या चालू दिसतात मॅडम. एक साहेब लॉगिन करून आत दुसऱ्या कामाला गेलेत." म्हणजे यंत्र एका रिकाम्या खुर्चीला माणूस समजून भागाकार करत होतं. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये वाट पाहण्याच्या मानसिकतेवर लिहिताना म्हटलं होतं की किती वेळ लागेल हे माहीत नसलं, किंवा का लागतोय ते कळत नसलं, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. आमच्या यंत्राने वेळ चुकीचा सांगितला आणि कारण सांगितलंच नाही.

याच्या उलट एक दिवस आठवतो. कोणीतरी यंत्रावरच साधा कागद चिकटवला होता: 'आज एकच खिडकी चालू. साधारण दीड तास लागेल.' हाताने लिहिलेला, अक्षर वेडंवाकडं. काही जण तो वाचून परत गेले, काही कुरकुरत बसले, आणि त्या दिवशी एकही भांडण झालं नाही. मला एक तास पस्तीस मिनिटं लागली. दुसऱ्या आठवड्यात कागद गायब. वरच्या कोणाला तो आवडला नसावा, असा माझा तर्क. बंद खिडकीची जाहिरात कोणाला हवी असते?

आता माझ्या स्वतःच्या वागण्याबद्दल. सहावी फेरी असेल. पडदा 61 वर अडकला होता आणि माझा नंबर 64. खिडकी 2 मधल्या ताई उठून आत गेल्या, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एक गृहस्थ काचेवर चावी आपटायला लागले. ताई परत आल्या तेव्हा आधी ते बोलले, मग मीही तोंड उघडलं: "आम्ही काय रिकामटेकडे आहोत का?" त्या खाली बसल्या, पुढची चिठ्ठी मागितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रांग मलाही दिसते हो. तिघांचं टेबल माझ्याकडे आहे. आतून बोलावलं की उठावंच लागतं."

मला लाज वाटली, पण पूर्ण नाही. माझे दोन तास खरेच गेले होते, अर्ध्या दिवसाची रजा गेली होती. राग खोटा नव्हता. फक्त तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस काचेमागे बसतच नाही. खिडकीवर माणसं किती ठेवायची हे जो ठरवतो त्याच्यासमोर रांग नसते, आणि जिच्यासमोर रांग असते तिच्या हातात काहीच नसतं. त्या काचेमागे बसणं म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयासाठी दिवसभर शिव्या खाणं. बरं, हे कळल्यावर आपण शहाण्यासारखे गप्प बसलो तरी पंचाईत. सगळ्यांनी समजून घेतलं की वर सगळं आलबेल दिसतं.

याच धर्तीचा आणखी एक घोळ. खिडकीशेजारी छोटं यंत्र आहे, त्यावर हसरा, मध्यम आणि रडका असे तीन चेहरे. त्या दिवशी मी रागात रडका दाबला. नंतर लक्षात आलं की तो खिडकी 2 च्या नावावर जमा झाला. खिडकी 1, 3 आणि 4 वर कोणी नव्हतंच, तिथलं यंत्र बंद. त्यांना वाईट म्हणायची सोयच नाही. महिन्याच्या अहवालात सगळ्यात जास्त रडके चेहरे त्या एकट्या हजर राहणाऱ्या बाईंच्या नावावर दिसणार. त्यानंतर मी तिथे कायम हसरा दाबत आले. तेही खोटंच आहे, मान्य.

मोजमापाचा आणखी एक उपद्व्याप पुढेपुढे सुरू झाला. प्रत्येक टोकनला किती वेळ लागला हे यंत्र नोंदवतं. मग काम अर्धवट असतानाच 'पूर्ण' दाबायचं, आणि माणसाला 'जरा बाजूला उभे राहा, प्रिंट येतेय' असं सांगायचं. चार-पाच जण असे बाजूला उभे राहिले की खिडकीला टेकून बिनटोकनची दुसरी रांग तयार होते, आणि त्यात आधी कोण होतं यावरून तेच जुने वाद. पडद्यावर मात्र सरासरी वेळ छान उतरलेली.

ज्येष्ठांचे नंबर मध्येच पुकारले जातात, त्यावरून सुरुवातीला गोंधळ व्हायचा. 44 नंतर अचानक 'ज्येष्ठ 7' आला की चुळबुळ सुरू. नियम काय आहे हे भिंतीवर लिहिल्यावर चुळबुळ थांबली. ज्येष्ठांना आधी घेण्याला कोणाचाच विरोध नव्हता, कोणाला किती वेळाने घेणार हे माहीत नव्हतं इतकंच. तीन वेळा पुकारूनही आला नाहीत तर नंबर बाद होतो, हेही असंच कुठे लिहिलेलं नव्हतं. स्वच्छतागृह व्हरांड्याच्या पार टोकाला आहे आणि तिथे आवाज पोहोचत नाही, तेव्हा शेजाऱ्याला सांगून जा.

मागच्या दाराचं काय? टोकन यंत्र पुढच्या दाराशी आहे. ओळखीचा माणूस मागून आत जातो, फाइल ताईंच्या टेबलावर येते, आणि पडदा तिथल्या तिथे थांबतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये मुद्दाम रांगांत घुसखोर पाठवून पाहिले होते, ते 1986 मध्ये प्रसिद्ध झालं. हरकत घेणारे बहुतेक घुसखोराच्या मागचे लोक होते, पुढच्यांना फारसं पडलेलं नव्हतं. उभ्या रांगेत निदान हे 'मागचे' लोक असतात, ज्यांच्या डोळ्यांसमोर कोणीतरी शिरतं. टोकनच्या रांगेत सगळे खुर्च्यांवर विखुरलेले, नजर पडद्यावर. मागून कोण गेलं ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे कोणी बोलत नाही. मला हे दिसलं ते एकदा भिंतीकडेची खुर्ची मिळाली म्हणून. त्या दीड तासात तीन फायली मागून आल्या. जुन्या रांगेत निदान आरडाओरडा झाला असता.

दहाव्या फेरीनंतर मी लेखी तक्रार दिली. ताईंचा उल्लेख मुद्दाम टाळला. वहीतला तक्ता उतरवून दिला: तारीख, टोकन घेतल्याची वेळ, पुकारल्याची वेळ, त्या दिवशी किती खिडक्या उघड्या. तीन मागण्या केल्या. गर्दीच्या वेळी किमान दोन खिडक्या, उघड्या खिडक्यांचा खरा आकडा पडद्यावर, आणि चेहऱ्यांच्या यंत्रावर 'खिडक्या कमी होत्या' असं एक वेगळं बटण. महिन्याभराने उत्तर आलं की टोकन व्यवस्था समाधानकारकरीत्या कार्यरत आहे. बरोबर आहे, आहेच. मी टोकनबद्दल विचारलंच कुठे होतं?

तुमच्याकडे असं यंत्र नवीन आलं असेल तर चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, छपाई उन्हाने उडते. फोनवरचा 'पुढे इतके जण' हा आकडा घ्या, उघड्या खिडक्या स्वतः मोजा, मिनिटांचा अंदाज तुमचा तुम्ही करा. आणि तक्रार करायचीच असेल तर तारीख-वेळेसकट करा, खिडकीतल्या माणसाचं नाव न घालता.

यंत्राला पाचपैकी साडेतीन तारे. त्या साडेतीनात चार खुर्च्यांचा हिशेब धरलेला नाही.

ताजी भर: परवा सोळावी फेरी झाली, बाबांचं काम मिटलं. खिडकी 3 वर एक नवा मुलगा बसला होता, दर दोन मिनिटांनी अडत होता, आणि खिडकी 2 मधल्या ताई आपलं काम करता करता मान वळवून त्याला कुठलं बटण दाबायचं ते सांगत होत्या. माझा नंबर अकराव्या मिनिटाला त्याच्याकडेच लागला. त्याने माझं नाव दोनदा चुकवलं, मग बरोबर टाकलं. बाहेर आले तेव्हा फोनवर संदेश तसाच होता: अंदाजे 50 मिनिटं.