असिस्ट डॉट ऑर्ग: कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट्स राज्यशास्त्राच्या पदवीला लावताना

मूल आधी कम्युनिटी कॉलेजला (पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात त्या स्थानिक सरकारी कॉलेजला) जाणार हे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली मराठी घरं अजूनही जरा दबक्या आवाजात सांगतात. त्यात विषय राज्यशास्त्र! "कॉम्प्युटर का नाही?" याचं उत्तर देऊन आम्ही केव्हाच थकलो. लेक २०२५च्या फॉल सत्रात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एका कॅम्पसवर थेट तिसऱ्या वर्षाला गेली. त्याआधी घरात सगळ्यात जास्त उघडली गेलेली साइट म्हणजे असिस्ट: कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स युनिव्हर्सिटीच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, हे ती दाखवते. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितेय.

साइट फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. वर्ष, आपलं कॉलेज आणि हवी ती युनिव्हर्सिटी निवडायची, मग मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा. जोड नसेल तिथे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं सरळ लिहिलेलं असतं. पुण्याच्या भाच्याला वाटलं, हे आपल्याकडच्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्ससारखं असेल. तसं नाही. इथे क्रेडिट कुठे जमा होत नाही. या दोन संस्थांनी, त्या वर्षी, त्या कोर्सबद्दल काय मान्य केलंय, म्हणजे त्यांचा करार, तेवढंच दिसतं. म्हणून शेजारच्या मुलाने दुसऱ्या कॉलेजातून काय केलं, हे आपल्या उपयोगाचं नसतं.

साइट वापरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोर्स 'ट्रान्सफर होतो' एवढं ऐकून थांबू नका. त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि असिस्टवर त्यांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. युनिट्स (क्रेडिट्सचंच इथलं नाव) मोजली जातात का, हे ट्रान्सफरेबल कोर्सेसच्या यादीत. जनरल एज्युकेशनचा, म्हणजे सगळ्यांना कराव्या लागणाऱ्या सामान्य विषयांचा, रकाना भरतो का, हे दुसऱ्या यादीत. आणि मेजरच्या तयारीत धरला जातो का, हे त्या कॅम्पसच्या राज्यशास्त्राच्या करारात. लेकीला आवडलेला एक कोर्स पहिल्या दोन्ही याद्यांत होता, मेजरच्या करारात मात्र नाव नव्हतं. तरीही तिने तो केला, पण कशासाठी करतोय हे माहीत असताना.

उलट स्टॅटिस्टिक्स घ्या. हा एकच कोर्स जनरल एज्युकेशनमधला गणिताचा रकाना भरतो आणि बऱ्याच कॅम्पसच्या राज्यशास्त्राच्या तयारीतही लागतो. 'राज्यशास्त्र घेतलं, गणित सुटलं' म्हणणाऱ्यांनी हे आधीच वाचावं. अमेरिकन गव्हर्नमेंटचा पहिला कोर्स तर सगळीकडेच कामाचा. २०२५च्या फॉलपासून तो राज्यभर पीओएलएस सी१००० या एकाच नंबरने ओळखला जाऊ लागलाय, त्यामुळे जुनी ट्रान्सक्रिप्ट आणि नवा कॅटलॉग ताडून पाहताना गोंधळू नका. त्यानंतर तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त. यांतले किती आणि कुठले, हे प्रत्येक कॅम्पसचं वेगळं. दोन-तीन कॅम्पसचे करार शेजारी शेजारी उघडून सगळ्यांत येणारे कोर्स आधी उरकावेत.

यूसीत १००च्या पुढचे नंबर अप्पर डिव्हिजनचे, म्हणजे वरच्या वर्षांच्या कोर्सेसचे, आणि ते तिथे जाऊनच करायचे. कम्युनिटी कॉलेजात त्याच विषयावर कितीही चांगला कोर्स झाला असला तरी तो त्यांची जागा घेत नाही. त्यामुळे राज्यशास्त्राचे कोर्स इथेच ढीगभर करून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्सच पदवीत धरली जातात. ७०च्या पुढे झालेल्या कोर्सेसना विषयापुरती मान्यता मिळते, युनिट्स वाढत नाहीत. तिसऱ्या वर्षाला जाण्याआधी मात्र ६० पूर्ण हवीत.

आमचं कॉलेज क्वार्टरवालं, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांचं. तिथे ६०चे ९० होतात, ७०चे १०५. चार क्वार्टर युनिट्सचा कोर्स सेमिस्टरच्या हिशोबात २.६७ भरतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेकीच्या बाबांनी कॅल्क्युलेटर काढला. फी मात्र सुखावणारी: राज्यातल्या रहिवाशांना सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टरला ३१.

जे असिस्टवर मिळत नाही तेही सांगते. बहुतेक खाजगी विद्यापीठं तिथे नाहीत, म्हणजे स्टॅनफर्ड किंवा यूएससी शोधू नका. राज्याबाहेरच्या कोर्सेसचंही तिथे काही नाही. भारतात एखादं वर्ष झालं असेल तर अभ्यासक्रमाची कागदपत्रं घेऊन काउन्सेलरकडेच जावं लागतं. आणि करारात सगळे कोर्स असले म्हणून प्रवेश मिळतोच असं नाही. त्याची हमी वेगळी असते. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा कॅम्पससाठी 'टॅग' ही प्रवेशाची हमी आहे, एका वेळी एकाच ठिकाणी, आणि अर्ज फक्त सप्टेंबरात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. कॅल स्टेटकडे (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठ-साखळी) जायचं असेल तर राज्यशास्त्रातली 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' पाहा. तिच्यामुळे कॅल स्टेटमध्ये जागा नक्की, पण मनासारखा कॅम्पस नक्की नाही.

काउन्सेलर लागतोच, पण करार छापून नेला तर भेट कामाची होते. आम्हाला दोन काउन्सेलरांनी एकाच कोर्सबद्दल दोन उत्तरं दिली. कागद समोर ठेवला आणि वाद मिटला. ज्या वर्षी कोर्स केला त्या वर्षाचा करार पीडीएफ करून ठेवावा, पुढच्या वर्षी मजकूर बदलू शकतो.

आता नव्याने सुरू करणाऱ्यांना जुन्या आयजीईटीसीऐवजी कॅल-जीईटीसी आहे, म्हणजे जनरल एज्युकेशनच्या कोर्सेसचा ठरलेला संच, ३४ युनिट्सचा. तो पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेशन आपोआप जात नाही, शेवटच्या कॉलेजकडे मागावं लागतं. दोन-तीन कॉलेजांतून कोर्स केले असतील तर सगळ्यांची ट्रान्सक्रिप्ट आधी त्या शेवटच्या कॉलेजात पोहोचवा. लेकीचं हे काम जूनमध्ये झालं, यूसीला अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत हवी असते.