बर्गनचं फिश सूप: काट्यांचा स्टॉक की पाकीट?

नॉर्वेत बर्गनकडे फिस्केसुप्पे (म्हणजे माशाचं सूप) घरी दोन पद्धतीने होतं, एक तर माशाची डोकी-काटे आणून स्टॉक (उकळून गाळलेलं पाणी) काढायचा नाहीतर सरळ सुपरमार्केटातलं सूप पावडरचं पाकीट. पाकिटाचं सोप्पंय, दूध-पाण्यात ढवळलं, गाजर आणि कॉड माशाचे तुकडे टाकले की झालं, कामाच्या दिवशी भूक लागलेली असताना त्यात लाजायचं काय!

पण चव स्टॉकचीच बुवा. डोक्यातले कल्ले आधी काढायचे नाहीतर कडवट लागतं, मग लीक (कांद्याच्या जातीची पातीची भाजी), गाजर, सेलेरीची मुळी घालून मंद आचेवर २०-३० मिनिटं, बास. मटणाच्या रश्श्यासारखं तासन्‌तास उकळत ठेवलंत तर वाया गेलं म्हणून समजा. गाळून त्यात सावर क्रीम, थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर, कारण हे सूप आंबटगोड असतं (कोकम-मिरची शोधू नका). काहीजण अंड्याचा बलक पण घालतात, त्यानंतर उकळी आली की फुटलंच. मासा अगदी शेवटी, ४-५ मिनिटं, फिशबॉल पण तेव्हाच.

रविवारी मी स्टॉकच काढेन, एरवी पाकीट, फक्त व्हिनेगर जरा जास्त.