कानाला चिमटा, खिशाला कात्री

लेकीला विचारूनच हे लिहितेय. तिचं नाव, कॉलेज, शहर काही सांगणार नाही.

तिला बुलिमिया आहे. भरमसाठ खायचं आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून ओकून टाकायचं, तेही इतक्या सफाईने की घरात कुणाला पत्ता लागू नये. आम्हाला कळलं ते दातांच्या डॉक्टरांमुळे. पुढच्या दातांचं आतलं एनॅमल ॲसिडने झिजलं होतं आणि उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते. त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. तिथे समुपदेशन आणि फ्लुऑक्सेटिनच्या गोळ्या सुरू झाल्या. हे काम सावकाशीचं. त्यात नातेवाइकांची भुणभुण, 'पोरीला वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला नेता?' अशात मोबाइलवर जाहिरात झळकली: ईटिंग डिसऑर्डरवर विनागोळी उपचार, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन. म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नर्व्हला वीज देऊन चेतवायचं.

क्लिनिक चकाचक. समोरचा माणूस अदबीने बोलणारा. "मॅडम, मुलीच्या मनात काहीही नाही हो, बिघाड नर्व्हमध्ये आहे. मोबाइल हँग झाला की आपण रिसेट करतो ना, तसंच." आईबापाला याहून गोड काय ऐकवणार? दोष कुणाचाच नाही, वायरिंगचा आहे!

मग त्याने फाइल उघडली. मला जे सांगायचंय ते या फाइलबद्दलच, कारण तिच्यातला एकही कागद खोटा नव्हता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००० सालचा बुलिमिया आणि व्हेगसवरचा निबंध होता. २०१५ साली औषधं-यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने व्हेगसवर चालणाऱ्या एका यंत्राला दिलेल्या मंजुरीचा कागद होता. (आपल्याकडे एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासनच डोळ्यांसमोर येतं. त्यानेही खुलासा केला नाही.) टोरांटोत ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणंच तोडून टाकण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून केलेल्या प्रयोगाचा अहवालही होता. ₹४८,००० चं पॅकेज, हप्त्यांची सोय. आम्ही पैसे भरले.

उपचार म्हणजे कानाच्या खळग्यात एक चिमटा, त्याला वायर आणि हातात मावेल एवढी बॅटरीची डबी. मुंग्या आल्यासारखं व्हायचं, बस्स. एक डबी घरीही दिली. पण खरा घात त्यांच्या पुढच्या वाक्याने केला: "गोळ्या चालू असतील तर नर्व्ह रिसेट होत नाही." लेकीला गोळ्या नकोच होत्या. त्या बंद झाल्या, समुपदेशनही सुटलं आणि उलट्या वाढल्या. क्लिनिकमध्ये विचारलं तर म्हणाले, "नर्व्ह जागी होतेय, आधी थोडं वाढतंच." एका रात्री तिच्या पायांत असे गोळे आले की ती किंचाळून उठली. रक्त तपासलं. पोटॅशियम २.९. ते साडेतीनच्या खाली जायला नको. वारंवार ओकण्याने ते घटतं आणि मग हृदयाचे ठोके चुकू शकतात, म्हणून लगेच ईसीजी काढून तिला दाखल करून घेतलं.

डबीचं बिंग फोडलं सासूबाईंनी. नात घरी आल्यावर त्यांनी डबी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्या गुडघ्यांचं मशीन!" फिजिओथेरपिस्टने त्यांना वापरायला दिलं होतं तेच, कातडीवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करणारं टेन्स. आम्ही नखाने स्टिकर खरवडला. खाली कंपनीचं मूळ लेबल निघालं, दुखण्यावरच्या टेन्स यंत्राचं. बाजारात दोन-तीन हजारांत मिळतं.

ती फाइल मी मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर ठेवली. त्यांनी शांतपणे एकेक कागद वाचून दाखवला. 'लॅन्सेट'च्या निबंधात वीज नाहीच, ऑनडॅनसेट्रॉनची गोळी आहे. आपण उलटीवर घेतो ती. आणि तिथली कल्पना व्हेगसची खळबळ कमी करण्याची, वाढवण्याची नव्हे! २०१५ चं यंत्र शस्त्रक्रिया करून पोटात बसवायचं होतं. तेही लठ्ठपणासाठी आणि व्हेगसचे संदेश अडवणारं. टोरांटोच्या २०१७ च्या अहवालात रुग्ण १६, सगळ्या बाकीचे उपचार करून थकलेल्या, आणि त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली. व्हेगसला वीज देण्याचा उपचार खरा आहे. अमेरिकेत तो अपस्मारासाठी १९९७ पासून आणि औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी २००५ पासून मंजूर आहे. पण त्यात छातीच्या कातडीखाली यंत्र बसवून मानेतल्या नर्व्हला वायर जोडतात. कानातून व्हेगस चेतवण्यावरही संशोधन चाललंय, पण गुडघ्याच्या डबीवर स्टिकर चिकटवणं म्हणजे संशोधन नव्हे.

"मग बुलिमियासाठी?" मी विचारलं. "तुम्ही सोडलात तेच," बाई म्हणाल्या.

आता पावतीकडे बघते तर तिच्यावर 'उपचार' हा शब्दच नाही, 'वेलनेस सेवा' आहे. कुणा डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. 'पैसे परत मिळणार नाहीत' हे मात्र ठळक. गोळ्या बंद करायचा सल्ला तोंडी दिलेला, लेखी कुठेच नाही. तुम्ही अशा ठिकाणी गेलात तर गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून तेच वाक्य सही-शिक्क्यासह मागून बघा, आणि फाइल घरी न्यायला मागा. मला त्यांनी दिली, कारण ती वाचणारं कुणी भेटेल असं त्यांना वाटलं नसावं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. स्टिकर खरवडलेल्या डबीचे फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पावती जोडली. क्लिनिकने उत्तर दिलंय की सेवा 'समाधानकारकरीत्या पुरवली'. ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. लेक पुन्हा बाईंकडे जाते. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिने स्वतःच मोबाइलमध्ये घालून ठेवलाय. आणि त्या क्लिनिकची जाहिरात अजून चालू आहे, आता निद्रानाशासाठी.