अठरा महिने, नऊ हजार मैल: आमच्या जुन्या आरव्हीचा हिशेब

आरव्ही म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आमची गाडी २००७ सालची. फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली २८ फुटी क्लास सी, म्हणजे पुढून ट्रक, मागून खोली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका आजोबांकडून २१,५०० डॉलरला घेतली, तेव्हा ४८ हजार मैल पळाली होती. आता ५७ हजार. त्यातले ७,१४० मैल एकाच दौऱ्याचे: न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया आणि परत. ३६ रात्री, पाच माणसं. आम्ही दोघं, आठवीतून सुटलेला मुलगा, चौथीतून सुटलेली मुलगी आणि लातूरहून आलेल्या सासूबाई.

निमित्त उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या २०२४ च्या अधिवेशनाचं. ते जूनअखेर सॅन होजेला होतं आणि लेकीचा नाच ठरलेला. पाच विमान तिकिटांचा आकडा बघून नवरा म्हणाला, दारात गाडी आहे ना. (दारात नाहीच, आमच्या वसाहतीत आरव्ही उभी करायला बंदी आहे. त्यावर पुढे येते.)

सगळे पहिल्यांदा विचारतात, स्वस्त पडतं का? मी रोजच्या रोज वहीत लिहून ठेवत होते, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. पेट्रोल ३,१२० डॉलर. कॅम्पिंगच्या जागा ७३५. स्वयंपाकाचा प्रोपेन ६४. टोल ९६. किराणा-भाजी १,४५०. बाहेरचं खाणं ३१०, त्यात मुलांचं आइस्क्रीमच निम्मं असेल. एकूण ५,७७५. साध्या मोटारीने गेलो असतो तर पेट्रोल नऊशेच्या आत बसलं असतं, पण पाच जणांना हॉटेलात दोन खोल्या लागतात. स्वस्तातली खोली ११० धरली तरी ३२ रात्रींचे सात हजार, वर तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवण. भाड्याची आरव्ही घेतली असती तर दिवसाला दीडशे ते दोनशे आणि वर प्रत्येक मैलाचे वेगळे, असे दर आम्हाला मिळाले होते.

एवढं वाचून कुणी लगेच गाडी शोधायला बसू नका. आमच्या गाडीचं इंजिन ६.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं. गॅलनला ८.४ मैल, म्हणजे मैलाला जवळपास ४४ सेंट. जाताना शाळा सुटल्या सुटल्या १९ जूनला निघून २६ ला सॅन होजे गाठायचं होतं. आठ दिवसांत २,९५० मैल. त्या आठवड्यात दिवसाला १६० डॉलर नुसते पंपावर गेले, आणि पाहिलं काय? तर आय-८० महामार्ग. परतताना पंचवीस दिवस होते. तिथे एका जागी तीन-तीन, चार-चार रात्री राहिलो आणि खर्च एकदम खाली आला. खरी बचत झाली ती परतीच्या वाटेवर. ‘आज किती मैल मारले’ हे अभिमानाने सांगणाऱ्यांचं मला त्यानंतर नवलच वाटतं.

रात्रींचा तपशील असा: सॅन होजेला माझ्या मावसबहिणीच्या ड्राइव्हवेवर चार. ट्रक स्टॉप आणि दुकानांच्या पार्किंगमध्ये चार, त्यातली एक आयोवात वॉलकॉटच्या त्या अवाढव्य ‘आयोवा ८०’ वर. दुकानाच्या पार्किंगमध्ये आत जाऊन मॅनेजरला विचारायचं. सगळीकडे हो म्हणत नाहीत, कधी शहराचाच नियम आड येतो. सरकारी जमिनीवर फुकट नऊ. स्टेट पार्क, नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडवर तेरा. वीज-पाणी-ड्रेन सगळं देणाऱ्या खासगी पार्कात फक्त सहा, आणि निम्मे पैसे तिथेच गेले. अशा एका पार्कात साठ डॉलर मोजून शेजाऱ्याच्या गाडीपासून आठ फुटांवर झोपलो. वीज इतकी कमजोर की एसी चालू होताच मायक्रोवेव्ह मान टाकायचा. तक्रार केली तर तुमचीच गाडी जुनी म्हणाले.

फुकटच्या नऊमधल्या चार साउथ डकोटात, वॉल गावाबाहेर बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँडमध्ये. कड्याच्या काठावर गाडी लावायची, खाली बॅडलँड्सचे झिजलेले डोंगर पसरलेले. पाणी नाही, नळ नाही, संडास नाही. पश्चिमेकडे बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवरही बहुतेक ठिकाणी अशीच चौदा दिवसांपर्यंत राहण्याची मुभा असते. वाऱ्याने रात्रभर गाडी पाळण्यासारखी हलत होती. सासूबाई पहाटे उठून खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “एवढं उघडं रान मी परभणीला जाताना पण बघितलं नाही.”

आता पाणी. आरव्हीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक बेसिन-आंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. गिझर सहा गॅलनचा, म्हणजे बावीस-तेवीस लिटर, आपल्या भाषेत एक बादली आणि वर दोन तांबे. अमेरिकेत वाढलेल्या माझ्या पोरांनी पहिल्या दिवशी दोन आंघोळींत सांडपाण्याची टाकी भरून दाखवली. तेव्हापासून पाण्याचं खातं आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा त्या तिथेच राहत होत्या. त्यांनी शॉवर बंद केला. स्टीलचं पातेलं आणि पाण्याचा मग आणला. आधी तोंड-हातपाय, मग अंग, आणि ते पाणी परातीत धरून संडासात ओतायचं, फ्लशचं पाणी वाचतं. भांडी घासण्याआधी ताटं पोळीच्या तुकड्याने नाहीतर कागदाने पुसून घ्यायची. ही युक्ती मला कुठल्याही आरव्हीवाल्याने सांगितली नव्हती, आणि आपल्या स्वयंपाकाला तीच लागते. आमटीचं तेल आणि हळद सांडपाण्याच्या टाकीत गेली की तिसऱ्या दिवशी बेसिनमधून असा वास मारतो की संडासाची टाकी बरी. वॉलच्या त्या चार दिवसांत पाच माणसांना चाळीस गॅलन पाणी पुरलं, वर थोडं उरलं.

टाकी रिकामी करण्याचं काम नवऱ्याचं. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी नंतर येऊन पाइप धुऊन काढतं. वॉलकॉटला पहिल्यांदा त्याने उलटं केलं. पुढचं सांगत नाही, जेवणाच्या वेळी कुणी वाचत असेल. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे मात्र साफ खोटारडे आहेत. आमचा संडासाचा दिवा अठरा महिने दोन तृतीयांशवरच अडकलाय, टाकी रिकामी असली तरी.

स्वयंपाकघर हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण. तीन शेगड्या, छोटा ओव्हन, प्रोपेनवर चालणारा फ्रिज. यलोस्टोन लेकची उंची ७,७०० फुटांच्या वर. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर नुसती नाचते, शिजत नाही. कुकर नसता तर उपासच. सकाळी सातला पहिली शिट्टी झाली आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ स्लिपर घालून धावत आले, तुमचा गॅस गळतोय का विचारत. आईंनी त्यांना वाटीभर वरणभात दिला. दुसऱ्या दिवशी ते वाटीत चेरी भरून घेऊन आले. फोडणी मात्र आत करायची नाही, धुराचा अलार्म तिसऱ्या मोहरीलाच बोंबलतो. बाहेरच्या टेबलावर छोट्या शेगडीवर करायची. अस्वलांच्या प्रदेशात मात्र काम झालं की शेगडी, डबे, केर, सगळं लगेच आत.

फ्रिजची एक गोम लक्षात ठेवा. तो घरच्यासारखा कॉम्प्रेसरवर नाही, उष्णतेवर चालतो आणि त्याला गाडी सपाट उभी लागते. मावसबहिणीचा ड्राइव्हवे चांगला उताराचा. आम्ही चार दिवस अधिवेशनात नाटकं-गाणी ऐकतोय आणि इकडे फ्रिज चालू दिसत असूनही गार होत नाही. दोन गॅलन दूध नासलं. आईंनी कलाकंद केला, पण चारशे मैलांपुरतं दही गेलं ते गेलंच. तेव्हापासून स्पिरिट लेव्हल ओट्याजवळ ठेवली आहे. जनरेटरचीही अशीच एक सवय: पेट्रोलची टाकी पावच्या खाली गेली की तो बंद पडतो. तो बिघाड नव्हे. जनरेटरने सगळं पेट्रोल पिऊन तुम्हाला रानात अडकवू नये म्हणून त्याची नळी टाकीत वरच ठेवलेली असते. आम्ही हे कळायच्या आधी दीड तास यूट्यूब बघत घालवला.

चालवायला कशी? वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वारा आडवा लागला की ही गाडी शिडाच्या होडीसारखी वागते. तिथे ५० च्या वर जायची हिंमत झाली नाही, एरवी ६०-६२. डॉनर समिटवरून, ७,२३९ फुटांवरून, सॅक्रामेंटोकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून मऊ पडतात. गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो-हॉलचं बटण आहे, ते दाबायचं. इंजिन खालच्या गिअरात किंचाळतं आणि गाडी धरून ठेवते. तो आवाज ऐकून आईंनी भीमरूपी सुरू केलं. मग मुलाने त्यांना समजावलं की आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक आहे. परतताना कोडीहून बिगहॉर्न पर्वत ओलांडायला नकाशाने यूएस-१४ए सुचवला होता. तिथे दहा टक्के उतार आहे. आम्ही मुकाट्याने यूएस-१६ घेतला.

आणखी एक: आपल्या मोबाइलच्या नकाशाला गाडीची उंची माहीत नसते. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरचे जुने दगडी पूल इतके बुटके आहेत की तिथे अशा गाड्यांना बंदीच आहे. आमची उंची ११ फूट २ इंच, स्टिअरिंगसमोर चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे. गाडीचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही मागे सात-आठ फूट बाहेर येतो, वळताना तो उलट्या बाजूला झोकांडी खातो. नेब्रास्काच्या एका पंपावरचा पिवळा खांब त्याची साक्ष देईल.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी मराठी पालकांना माहीत असते. मूल चौथीत असेल तर नॅशनल पार्कांच्या प्रवेशाचा ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ पास फुकट मिळतो. वेबसाइटवरून कागद छापून न्यायचा, गेटवर कार्ड मिळतं, आणि ते चौथीनंतरच्या ऑगस्टअखेरपर्यंत चालतं. यलोस्टोन ३५, ग्रँड टिटन ३५, बॅडलँड्स ३०, क्रेटर्स ऑफ द मून २० असे १२० डॉलर लेकीने वाचवले. प्रत्येक गेटवर कार्ड स्वतः दाखवायचं म्हणून ती पुढच्या सीटवर येऊन बसायची.

आता कडू भाग. विकणारे आजोबा म्हणाले होते, छत गेल्याच वर्षी सील केलंय. केलंही असेल, पण माळ्याचा पुढचा कोपरा नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिथे ओल्या मोज्यांसारखा वास यायला लागला. आतलं लाकूड अंगठ्याने दाबलं की आत जात होतं. ६४० डॉलर. क्लास सीचं हे जुनंच दुखणं आहे, घेताना तो कोपरा दाबून बघा. टायरांची नक्षी नवीकोरी होती, पण कडेचे शेवटचे चार आकडे २२१५ निघाले, म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. उन्हात नुसते उभे राहूनही टायर म्हातारे होतात. सहाच्या सहा बदलले, १,३८०. विमा वर्षाला ७८०. आणि वसाहतीत बंदी असल्यामुळे महिन्याला ११० भाडं, एका कुंपणात गाडी उभी करायचं. साउथ डकोटात उभं राहणं फुकट, न्यू जर्सीत नाही. अठरा महिन्यांत त्या कुंपणाचेच जवळपास दोन हजार झाले. शिवाय दर नोव्हेंबरला पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरा, एप्रिलला काढा.

या अठरा महिन्यांत गाडीत एकूण ५५ रात्री झोपलो. मोठा दौरा सोडला तर १९, त्याही बहुतेक कॅटस्किल्स आणि डेलावेअर वॉटर गॅपच्या आसपास. हे सगळं धरलं तर वर्षातून चार वीकेंड जाणाऱ्याने आरव्ही विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावी. ज्यांना सलग महिनाभर वेळ काढता येतो, ज्यांच्याकडे पथ्याचं खाणारं वडीलधारं माणूस आहे आणि दर तासाला बाथरूम शोधत फिरायचा कंटाळा आला आहे, त्यांनी जरूर बघावी. आईंचे गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावं लागतं. मोटेलात त्या कुठेही रमल्या नसत्या. इथे त्यांचा तांब्या, त्यांची उशी, त्यांचा कुकर ३६ दिवस जागेवर होता.

विकायची का, यावर घरात अजून एकमत नाही. नवऱ्याला विकायची आहे, मुलाला सोळा पूर्ण होईपर्यंत ठेवायची आहे. आई ऑगस्टात परत येताहेत. परवा फोनवर त्यांनी तिकिटाच्या आधी विचारलं, त्या माळ्याच्या कोपऱ्यातून पाणी अजून गळतं का. या पावसाळ्यात तरी गळलेलं नाही.