सहीचं चित्र की कामाचा कागद?

धुळ्याहून भाच्याचा फोन आला. दोन चित्रं नजरेत भरलीत, पैसे एकापुरतेच आहेत. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीवरच्या व्हरायटी शोच्या, म्हणजे गाणी, नाच आणि विनोदी नकलांच्या कार्यक्रमांच्या, पोशाखांची. पहिलं देखणं. जाड कागद, पूर्ण रंगवलेलं, खाली डिझायनरची ठसठशीत सही. दुसरं पेन्सिलीचं, वरून थोडा जलरंग, कोपऱ्यात टाचणीने लावलेले कापडाचे तीन तुकडे आणि कडेला घाईघाईत लिहिलेल्या सूचना. पहिल्याची किंमत जवळजवळ दुप्पट. "मामा, कोणतं घेऊ?"

दुसरं घे, म्हणालो. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितोय. पोशाखांची मूळ चित्रं जमवायच्या या छंदात नव्याने येणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो.

असे शो कसे तयार व्हायचे ते आधी पाहू. 'द कॅरल बर्नेट शो' 1967 ते 1978 चालला आणि त्याचे पोशाख बॉब मॅकी करायचे. दर आठवड्याला नवा भाग, नव्या नकला, नवे कपडे. 1976 साली एका विडंबनात कॅरल बर्नेट पडद्याच्या दांडीसकट पडदा अंगावर घेऊन जिना उतरतात. तो पोशाख आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. इतक्या घाईच्या कामात चित्र म्हणजे निरोप असायचा. आधी निर्माता आणि कलाकार होकार देणार, मग तोच कागद कापड बेतणाऱ्या मास्तरकडे जाणार. माझ्याकडच्या एका कागदावर 'डावा हात मोकळा राहू द्या, नाच आहे' अशा अर्थाची एक ओळ आहे आणि तिच्याखाली वेगळ्याच पेन्सिलीने बाहीचा नवा आकार काढलेला आहे. टाचणीभोवती गंजाचं तपकिरी कडं उमटलंय. कापडाचा तुकडा उचलला की खाली मूळ कागद अजून पांढरा दिसतो. एवढी वर्षं त्या जागेला उजेड लागलेला नाही. हे सगळं खोटं उभं करायचं तर मेहनत फार आहे. सहीचं तसं नाही.

सहीवर मी एकदा भुललो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून 'मूळ' म्हणून एक सहीचं चित्र मागवलं. जळगावच्या सराफ बाजारातल्या मित्राने दागिने पाहायचं दहापट भिंग त्यावर धरलं आणि गप्प बसला. मग भिंग माझ्या हातात दिलं. रंगात सगळीकडे सारखे बारीक ठिपके होते. सही खरी होती, चित्र छापलेलं होतं. शिवाय काही डिझायनर जुनीच चित्रं पुढे चाहत्यांसाठी नव्याने काढून देतात. ती हाताचीच असतात, सहीही खरी असते, पण त्यावरून कुणी कपडा शिवलेला नसतो. तसं स्पष्ट सांगून कुणी विकत असेल तर घ्यायला हरकत नाही, मात्र त्याची किंमत वेगळी हवी.

आणखी एक सापळा म्हणजे झेरॉक्सवर हाताने भरलेले रंग. अशा प्रती पोशाख शिवणाऱ्या कारखान्यासाठी निघायच्या, त्यामुळे त्याही अस्सल असू शकतात, पण रेघ मूळ नसते. कागद तिरका धरा. पेन्सिल चमकते आणि तिचा दाब कागदात उमटलेला दिसतो. नोटा तपासायच्या निळ्या दिव्यावर मात्र भिस्त ठेवू नका. नवा कागद त्याखाली चमकतो हे खरं, पण सत्तरच्या दशकातले बरेच कागदही चमकतात.

मग आपल्या दूरदर्शनचं काय, असं बरेच जण विचारतात. मन तिकडेच ओढ घेतं, माझंही घेतं. 1987 ची 'रामायण' आणि 1988 ची 'महाभारत' या मालिका आमच्या गल्लीने एकाच टीव्हीसमोर बसून पाहिल्या. पण त्यांचे पोशाख मुंबईच्या मगनलाल ड्रेसवाला यांच्यासारख्या पेढ्यांकडून यायचे. ड्रेसवाल्यांकडे मापं, नमुने आणि मास्तरांची स्मरणशक्ती यांवर बरंच काम चालतं. त्यामुळे अशा मालिकेचं सही असलेलं रंगीत चित्र कुणी पुढे केलं तर ते आजवर कुणाकुणाच्या हातातून आलं हे विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

पहिल्या चित्राच्या बाजूने एकच मुद्दा जड आहे, तो म्हणजे सांभाळ. एकच कागद, एकच माध्यम. दुसऱ्यात कागद, लोखंड आणि कापड एकत्र आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. त्याहून वाईट म्हणजे कूलर. दिवसभर ओली हवा, रात्री कोरडी, त्यात टाचणी गंजते आणि कागद लाटा धरतो. कूलरच्या खोलीत चित्र ठेवूच नका. पत्र्याखाली नको, पश्चिमेच्या भिंतीवर नको, लाकडी कपाटात नको. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, आडवं, लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. टाचणी स्वतः उपटू नका आणि सेलोटेप तर अजिबात लावू नका. लॅमिनेशन केलंत तर चित्र गेलंच म्हणून समजा. फ्रेम करायचीच तर काच चित्राला टेकता कामा नये. स्केचपेन वापरलेलं असेल तर भिंतीवर लावूच नका, उजेडाने त्याचा रंग सगळ्यात आधी उडतो.

हे आपल्या भागात जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात याच उन्हाळ्यात जुनी कागदपत्रं टिकून आहेत. चाळीसगावला स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर एकदा पाहून या. एका माणसाने घरात राहून किती जमवलं आणि जपलं ते कळतं.

तेव्हा भाच्या, दिवाणखान्यात लावायला हवं असेल तर पहिलं घे, पण भिंगाखाली पाहिल्याशिवाय नाही. संग्रहासाठी असेल तर दुसरं. पार्सल, विमा आणि कस्टम धरूनच हिशेब कर. आणि कागद तुझा झाला तरी चित्र छापून विकायचा हक्क त्यासोबत येत नाही, हेही ध्यानात ठेव. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो माग, कागद उन्हात तिरका धरून काढलेला. टाचणीची भोकं मागून दिसली पाहिजेत.